नऊ नंबरची जर्सी

रविवारी कोण जिंकलं ते सगळ्या गावाला कळायचं. कोण खरंच खेळलं, ते सोमवारी सकाळी गॅलरीमागच्या हौदाशी आईला कळायचं.

"हा बघ आपला टोळ," एका जर्सीची पाठ लेकीपुढे धरून आई म्हणाली. "सगळा चिखल पाठीवर. पळाला कमी, आपटला जास्त."

"त्याला पाडलं होतं, आई. मी बघितलं ना."

"पाडलेला माणूस पोटावर पडतो. पाठीवर पडतो तो आभाळ बघायला पडतो."

लेक हसली. थंडीचे दिवस होते आणि हौदाचं पाणी हाताला चावत होतं. तिची बोटं लाल होऊन सुजल्यासारखी झाली होती. आईच्या हातांना पाण्याचं काही वाटेनासं झालं होतं. ती चड्ड्या सोड्यात बुडवत होती, मोजे उलटे करत होती, गुडघ्यावरचा चिखल आधी कोरडा खरवडून मगच ओला करत होती. लेक गावच्या वाचनालयात कामाला होती. सोमवारी वाचनालय बंद, म्हणून सोमवारी ती आईच्या हाताखाली.

घर तिथंच, हौदापासून हाकेच्या अंतरावर. फुटबॉल क्लबच्या सिमेंटच्या गॅलरीखाली दोन खोल्या काढलेल्या होत्या. छत एका बाजूनं उतरतं, त्यामुळे आतल्या खोलीत भिंतीकडे जाताना वाकावं लागायचं. बाबा मैदान राखायचे, आई कपडे धुवायची, आणि त्या बदल्यात घर क्लबचं. गोल झाला की वर लोक नाचायचे आणि खाली छतातून माती गळायची. आई पातेल्यावर झाकण ठेवून म्हणायची, "झाला वाटतं."

जर्स्यांचा ढीग उतरत आला. तळाशी नऊ नंबर होता. आईनं तो उचलला, दोन्ही हातांनी धरून क्षणभर बघितला आणि ओल्या ढिगात न टाकता पलीकडच्या कोरड्या दगडावर ठेवला.

"ही राहू दे," ती म्हणाली.

लेकीनं पुढचा मोजा उचलला. विचारण्यासारखं काही नव्हतं.

नऊ नंबर म्हणजे तोफ. त्याचं खरं नाव आता त्याच्या घरचेही घेत नसत. क्लब खालच्या गटातून वरच्या गटात चढायच्या बेतात होता तो त्याच्या उजव्या पायावर. गेल्या महिन्यात एका सामन्यानंतर क्लबच्या सामानाच्या खोलीत त्यानं आपल्यावर बळजबरी केली, अशी तक्रार तिकिटाच्या खिडकीवर बसणाऱ्या मुलीनं पोलिसांत दिली. पोलिसांनी त्याला पकडलं. क्लबच्या वकिलानं जामिनावर सोडवून आणलं आणि पुढच्या रविवारी तो मैदानात होता. अध्यक्षांनी भोंग्यावरून सांगितलं, "न्यायालय काय ते ठरवेल. तोवर तो आपला खेळाडू आहे." टाळ्या पडल्या. खिडकीवालीला मात्र घरी बसायला सांगण्यात आलं. तिच्याच भल्यासाठी, असं सेक्रेटरी म्हणाला.

ती मुलगी त्या दिवशी आधी आली होती ती आईच्या दारात. आईनं तिला आत घेतलं, पाणी तापवलं, न्हाऊ घातलं, आपले कपडे नेसवले, जवळ निजवलं. आणि तिचे कपडे धुऊन टाकले. जन्मभर डाग दिसला की हात पुढे जाणारी बाई. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी कपडे मागितले तेव्हा ते धुऊन वाळलेले होते, स्वच्छ. डॉक्टरांनी मुलीला तपासलं होतं, आईनं जे ऐकलं-पाहिलं ते सांगितलं होतं, तेवढ्यावर खटला उभा राहिला. पण चहाच्या टपरीवर सेक्रेटरीला हसायला विषय मिळाला. "पुरावा तर आपल्या मावशींनीच धुतला," तो म्हणायचा. "आणि काय धुतलाय! डाग शोधून सापडायचा नाही."

लेक तेव्हा परगावी होती. ती दुपारी परतली, सगळं ऐकलं, आणि रिकाम्या दोरीकडे बघत उभी राहिली. बोलली काहीच नाही. आईला तेवढं पुरलं. त्यानंतर मायलेकी जगातल्या सगळ्या गोष्टी बोलल्या, ती एक सोडून.

बाबा आले तेव्हा त्यांच्या हातांना फक्की फासलेली होती. मैदानावर पांढऱ्या रेघा ओढून ओढून त्यांच्या नखांत ती पावडर कायमची बसली होती.

"ती का कोरडी?" दगडाकडे बघून त्यांनी विचारलं.

"ती नाही धुवायची."

"अगं, असं कसं?"

"असंच."

बाबा उकिडवे बसले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, जणू गॅलरीलाही कान असावेत. "घर त्यांचं आहे, बाई."

"घर त्यांचं. हात माझे."

"सेक्रेटरी बोलेल."

"बोलू दे. त्याला बोलण्याचाच तर पगार आहे."

बाबांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. मग तिघांनी उन्हात बसून चहा घेतला. आईनं पाय लांब पसरले, टाचांवरच्या भेगांकडे बघून म्हणाली, "ह्यात आता चुना भरला तर मैदानावर चालताना आपोआप रेघ उमटेल. तुम्हाला तेवढंच काम कमी." दुपारी तिनं कपडे उलटेसुलटे केले. संध्याकाळी थोडा खांदा दुखतो म्हणाली. लेकीनं तेल चोळून दिलं. एवढंच.

दुसऱ्या दिवशी बाबा चहा ठेवून हाका मारत राहिले.

*

स्मशानातलं सगळं आटोपून बापलेक घरी आले तेव्हा जर्स्या अजून दोरीवरच होत्या. दवानं ओल्या होऊन पुन्हा वाळलेल्या, बाह्या ताठ झालेल्या. लेकीनं त्या काढल्या आणि घड्या घातल्या. आईची घडी बाह्या आत घेऊन पडायची. लेकीची तशी पडेना. तिनं त्या पुन्हा पुन्हा मोडल्या.

माणसं येऊन गेली होती. सगळा संघ आला होता. गोलकीपर, ज्याला सगळे खांब म्हणत, तो एवढा उंच की दारातून वाकून आत आला आणि वाकलेलाच राहिला, रडत होता. तो संघाचा कप्तान होता. तोफही आला होता. काळा चष्मा काढून, हात जोडून. शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, "बघा, आला तरी." सेक्रेटरीनं रुमाल डोळ्याला लावला, आणि लावलेला रुमाल कोरडाच घडी करून खिशात ठेवला.

गुरुवारी सेक्रेटरी एकटा आला. चप्पल बाहेर काढली. लेकीला कळलं की काम आहे.

"ताई," तो म्हणाला, "रविवारी आपल्याच मैदानावर उपांत्य सामना. जिंकलो की वरच्या गटात. दाराशी कोण उभं राहणार?"

दाराशी उभं राहणं ही ह्या क्लबची जुनी रीत होती. इथं जर्सी खुंटीवर लावत नसत. कपडे धुणारी बाई खोलीच्या दाराशी उभी राहायची आणि एकेकाला हातात द्यायची, खेळाडूनं ती दोन्ही हातांनी घ्यायची. आधी आजी द्यायची, मग आई देऊ लागली. हातून मिळाली नाही तर खेळायचं नाही. पूर्वी एकानं घाईत स्वतः उचलली आणि पूर्वार्धातच पाय मोडून घेतला, तेव्हापासून ज्यांचा देवावरही विश्वास नव्हता तेसुद्धा दाराशी येऊन हात पसरायचे. ह्या क्लबात डॉक्टरच्या शब्दापेक्षा त्या जर्सीला मान जास्त.

"मी उभी राहीन," लेक म्हणाली.

"मोठं मन आहे." त्याची नजर घड्यांवरून फिरली आणि कोपऱ्यातल्या मळक्या जर्सीवर थांबली. "ही धुवायची राहिली वाटतं. दुःखात होतं असं."

"राहिली नाही. ठेवलीय."

"म्हणजे?"

"आईनं बाजूला ठेवली. मीही बाजूलाच ठेवणार. खटला संपेपर्यंत."

सेक्रेटरी खुर्चीत नीट बसला. "ताई, तुम्ही शिकलेल्या. आळ आणि गुन्हा ह्यातला फरक तुम्हाला मी सांगायचा? उद्या तो निर्दोष सुटला तर?"

"तर मी ती जर्सी स्वतः धुऊन हातात देईन. बाहेर बसवणं म्हणजे फासावर देणं नव्हे. पगार द्या, सराव करू द्या, फक्त आत्ता लोकांसमोर क्लबच्या रंगात उभा करू नका. त्या मुलीनं ह्याच मैदानासमोरून यायचं-जायचं आहे."

"न्यायालय आहे ना त्यासाठी."

"डाव्याच्या वेळी नव्हतं?"

डावा म्हणजे डाव्या बगलेचा बचावपटू. दोन हंगामांपूर्वी त्याच्यावर मोटरसायकल चोरल्याचा आळ आला होता. बातमी सकाळी आली आणि दुपारी सेक्रेटरी ह्याच दारात उभा राहून आईला सांगून गेला, 'त्याला जर्सी द्यायची नाही. चौकशी चालू असताना क्लबच्या नावाला बट्टा नको.' पुढे चोर दुसराच निघाला. तोवर डाव्याचा खेळ गेला होता. आता तो दुधाची गाडी चालवायचा.

"डाव्याची गोष्ट वेगळी," सेक्रेटरी म्हणाला.

"काय वेगळं होतं?"

"तो... बचावात खेळायचा."

बोलून गेला आणि त्याच्याच लक्षात आलं. लेकीनं मान हलवली. "म्हणजे आपला तो बाब्या."

"असं नाही, ताई. डावे पन्नास मिळतात. तोफ कुठून आणू?" आता त्याच्या आवाजातलं तूप गेलं. "बरं, राहिलं. एवढंच सांगतो, हे छप्पर क्लबचं आहे. मावशी होत्या तोवर ठीक होतं. दादांचंही वय झालं. नवा माणूस ठेवायचा म्हटलं तर त्याला खोली लागेलच."

चप्पल घालून तो गेला. बाबा आतल्या खोलीत होते, वाकल्या छताखाली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. लेक काही बोलण्याआधी ते बाहेर आले, कोपऱ्यातली जर्सी उचलली आणि बादली घेऊन हौदाकडे गेले.

लेक दारातूनच बघत राहिली. बाबांनी जर्सी बादलीत बुडवली. साबणाचा चुरा मुठीनं टाकला, मग आणखी एक मूठ. दगडावर घेऊन घासू लागले. फेस बादलीबाहेर आला, बाह्यांवरून कोपरापर्यंत चढला, मिशीला लागला. ते जोर लावत होते आणि चिखल पसरत होता. त्यांच्या हातांना रोलर ओढायची सवय. शेवटी ते थांबले. जर्सी दगडावर तशीच आणि ते तिच्यासमोर मान खाली घालून.

लेक जवळ गेली.

"इतकी वर्षं शेजारी बसून चहा प्यायलो," बाबा म्हणाले, "साबण किती लागतो ते बघितलं नाही कधी."

ती त्यांच्याजवळ बसली. फेस विरायला वेळ लागला.

"घर गेलं तर?" त्यांनी विचारलं.

"वाचनालयामागे खोली आहे एक. देतील मला."

"तिथं गोल झालेला कळायचा नाही."

"नाही कळणार."

बाबांनी नाक पुसलं. मग बादलीतलं पाणी मैदानाच्या कडेच्या चरात ओतलं, अर्धवट धुतलेली जर्सी तशीच भिंतीवर टाकली, आणि फक्कीचं पोतं खांद्यावर घेऊन निघाले. जाता जाता म्हणाले, "तिनं ठेवली ती ठेवली. मी भितो म्हणून ती धुतली जायला नको."

*

रविवारी ऊन निघालं नाही. धुक्यात गॅलरी भरत गेली. दोन्ही गावची माणसं आली होती, ढोलासारखे पाय आपटत होती, आणि खाली घरात छत सारखं गळत होतं. तिकिटाच्या खिडकीवर सेक्रेटरीचा भाचा बसला होता आणि सुट्टे पैसे देताना गोंधळत होता.

खोलीच्या दाराशी लेक उभी राहिली. बाकावर घड्यांची चळत. बोळात मलमाचा, ओल्या चामड्याचा, घामाचा वास. इथं आई उभी राहायची, ह्याच फरशीवर. फरशीचा तेवढाच तुकडा घासून गुळगुळीत झाला होता. लेकीचे पाय गार पडले होते.

तेवढ्यात सेक्रेटरीनं चळतीवर एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. आत कोरी करकरीत जर्सी. नऊ नंबर. "तुमचा प्रश्न सुटला, ताई," तो हसून म्हणाला. "मळलेलीच नाही, तर धुवायचं कशाला? नुसती द्या हातात."

लेकीनं पिशवीकडे बघितलं. त्यानं बरोबर ओळखलं होतं. आता मळाची सबब उरली नव्हती. उरला होता फक्त हात.

खांब आधी आला. वाकला, दोन्ही हात पुढे केले. "मावशी असत्या तर म्हणाल्या असत्या, गुडघे वाचव, मला घासावे लागतात."

"गुडघे नको वाचवूस आज," लेक म्हणाली. "मी घासीन."

मग टोळ आला. मग बाकीचे. कुणी तिच्याकडे बघितलं, कुणाला बघवलं नाही. जर्सी द्यायची, हात रिकामा करायचा, पुढची घ्यायची. चळत उतरत गेली. शेवटी तोफ उभा राहिला. देखणा, भरदार, केस नीट बसवलेले. त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"द्या, ताई. आजचा गोल मावशींच्या नावानं."

लेकीनं हात मागे घेतले.

"ताई, उशीर होतोय," सेक्रेटरी म्हणाला.

"मला ही देता येणार नाही."

"मी काही केलेलं नाही," तोफ म्हणाला. तो ओरडला नाही. कदाचित हे वाक्य त्यानं पुष्कळदा म्हटलं असावं.

"ते तिथं सांग. ऐकायला माणसं बसलेली आहेत तिथं. इथं फक्त जर्सी मिळते, आणि ती आज नाही."

त्याचा चेहरा बदलला. त्यानं हात लांब करून बाकावरची पिशवी ओढली, दातानं फाडली, जर्सी काढून डोक्यातून घातली. कोऱ्या कापडाच्या घड्या छातीवर तशाच उभ्या राहिल्या.

खोलीत कुणी बुटाची नाडीही ओढेना.

"स्वतः घेतली त्यानं," टोळ हळूच म्हणाला.

सगळ्यांनी खांबाकडे बघितलं. खांब बाकावर बसून हातमोजे चढवत होता. त्यानं एक हातमोजा पुन्हा काढला. "हातून मिळाली नाही," तो म्हणाला. "हा खेळणार नाही."

"अरे, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे!" सेक्रेटरीचा आवाज चढला. "लाज नाही वाटत? शिकलेली मुलं तुम्ही!"

"असेल अंधश्रद्धा. डाव्याची जर्सी थांबवली तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, क्लबची रीत आहे, मोडता येत नाही. मी इथंच बसलो होतो, साहेब. आणि गप्प बसलो होतो." खांब उठला, त्याचं डोकं वरच्या पाइपाला लागायला आलं. "डावा माझा मित्र होता. अजून मला दूध देताना मान वर करत नाही. ज्यानं केलं नाही त्याला बसवलं. ज्याचं अजून ठरायचंय त्याला मिरवायचं. हे कुठलं गणित?"

"कोच, तुम्ही काहीतरी बोला."

कोच, एरवी बाजारभर ऐकू जाईल असा ओरडणारा माणूस, भिंतीवरच्या फळ्याकडे बघत होता. मग त्यानं पंजानं नऊ नंबरचा खडूचा ठिपका पुसला. "टोळ, तू पुढे खेळशील," तो म्हणाला.

अध्यक्ष आले. गावात बर्फाचा कारखाना असलेला जाडजूड माणूस. बोळात शिरला की बोळ भरायचा. वर पायांचा दणदणाट, पंच दोनदा विचारून गेलेले. त्यांनी सगळं ऐकलं, लेकीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "मुली, तुझी आई ह्या क्लबचं मीठ खाल्लेली बाई होती."

"हो. आणि त्या मिठाला जागलीही."

त्यांच्या मागे बाबा येऊन उभे होते. एका हातात फक्कीची बादली. कपडे, भुवया, मिशा, सगळं पांढरं.

"साहेब," बाबा म्हणाले, "मधली रेघ मारायची राहिलीय."

"मग मारा की! इथं काय करताय?"

"मारतो. आधी आतलं ठरू द्या."

अध्यक्ष वळले. कुणाला वाटलं नव्हतं की बाबा कधी वाक्याला 'साहेब' न जोडता बोलतील. "घर नको झालंय का तुम्हाला?"

"हवं आहे. तिचं सगळं आहे त्यात." बाबांनी बादली खाली ठेवली. "पण किल्ली दारालाच आहे. घ्यायची तर घ्या."

अध्यक्षांनी खोलीत नजर फिरवली. एकही खेळाडू नजर चुकवेना. धंद्यातला माणूस, बर्फ वितळायला लागला की तो धरून ठेवता येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

"आज बस," ते तोफेला म्हणाले.

"आज नाही," खांब म्हणाला. "निकाल लागेपर्यंत. पगार चालू राहू दे, आमचं काही म्हणणं नाही. आणि नियम सगळ्यांना. उद्या माझ्यावर असा आळ आला तर मीही बसेन."

"खिडकीवाली खिडकीवर परत," लेक म्हणाली. "आणि हे भोंग्यावरून सांगा. तो खेळणार हेही तुम्ही भोंग्यावरूनच सांगितलं होतं."

तोफ सगळ्यांकडे बघत राहिला. कुणीतरी आपल्या बाजूनं बोलेल, असं त्याला शेवटपर्यंत वाटत असावं. मग त्यानं जर्सी उतरवली, बाकावर टाकली आणि मागच्या दारानं निघून गेला. लेकीला त्याच्याकडे बघून आनंद झाला नाही. उघड्या पाठीनं थंडीत जाणारा एक माणूस, एवढंच दिसलं. आनंद झाला तो नंतर, भोंगा खरखरला तेव्हा.

अध्यक्षांचा आवाज मैदानावर पसरला. नऊ नंबरचा खेळाडू खटल्याचा निकाल लागेपर्यंत संघाबाहेर राहील. तिकीट खिडकीवरची आपली कर्मचारी उद्यापासून कामावर परत येईल. हा नियम ह्यापुढे प्रत्येकाला लागू राहील. आधी आरडाओरडा झाला. शिट्या, शिव्या, एक बाटली मैदानात येऊन पडली. मग गॅलरीच्या डाव्या अंगाला, जिथं बायका बसायच्या, तिथून टाळी सुरू झाली. एकटी, मग दुकटी. पुढच्या ओळीत दुधाची गाडी चालवणारा एक माणूस उभा राहिला आणि डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवू लागला. टाळी सगळ्या गॅलरीभर गेली नाही. अर्ध्यापर्यंत गेली. पण अर्धं गाव म्हणजे थोडं नव्हे.

बाबांनी मधली रेघ मारली. लेक बघत होती. सुतासारखी सरळ.

सामना काही पाहण्यासारखा झाला नाही. चिखल, धक्काबुक्की, आभाळात उडालेले चेंडू. टोळ पुढे पळून पळून रडकुंडीला आला. खांबानं तीन वेळा अंगावर घेऊन गोल वाचवला आणि प्रत्येक वेळी गुडघ्यांवर पडला. अगदी शेवटी टोळानं चेंडू मारायला म्हणून जो पाय उचलला तो चेंडूला धड लागलाच नाही. चेंडू घरंगळला, समोरच्या बचावपटूच्या गुडघ्याला लागला आणि लाजत लाजत त्यांच्याच गोलात गेला. एवढा कुरूप गोल त्या मैदानावर आजवर झाला नव्हता. टोळ पोटावर पडला होता. त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं तेव्हा तो ओरडून विचारत होता, "गेला का? गेला का?"

बाबा मैदानाच्या कडेला उभे होते. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि फक्कीचा ढग उडाला. लेकीनं त्यांना मिठी मारली तशी तीही पांढरी झाली. बापलेक खोकत, हसत, रडत उभे राहिले, आणि संघ त्यांच्या भोवती नाचत होता. सेक्रेटरीसुद्धा नाचत होता. विजयाला सोयरसुतक नसतं.

*

सोमवारी सकाळी हौदावर लेक एकटीच बसली. ढीग मोठा होता. खांबाच्या चड्डीचे गुडघ्याजवळचे काठ चिखलानं दगडासारखे झालेले. तिनं आधी कोरडं खरवडायला घेतलं.

पावलं वाजली. खिडकीवाली आली होती. नीट विंचरलेली, गळ्याला मफलर. कामावर जायची वेळ व्हायची होती. तिनं बाह्या वर सारल्या आणि पलीकडे बसली. तिला धुता येत नव्हतं. मोजे ती सरळच बुडवत होती.

"उलटे कर आधी," लेक म्हणाली.

तिनं उलटे केले. मग एकेक करून बुडवले.

"वकील मला सारखं विचारतात," खिडकीवाली म्हणाली, हातातल्या मोज्याकडे बघत. "कपडे का धुवू दिलेस म्हणून. मला सांगता येत नाही. सकाळी जाग आली ना ताई, तर वाटलं आता इथून उठायचंच नाही कधी. मग दारातून ते कपडे दिसले दोरीवर. स्वच्छ. वाऱ्यावर हलत होते. मावशींनी बाहीचं तुटलेलं बटणसुद्धा लावलं होतं. ते बघितलं आणि वाटलं, हे घालून मला पोलिसांकडे जाता येईल. मळक्यात मी गेले नसते. कधीच गेले नसते."

लेकीचे हात पाण्यात थांबले.

"मावशी मला म्हणाल्या होत्या, माझं चुकलं बाळ. रोज म्हणायच्या. मी त्यांना हे सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू, म्हणत राहिले." तिनं मोजा पिळला. "तुम्ही तरी सांगितलं होतंत ना त्यांना?"

लेकीनं मान हलवली. नाही.

गॅलरीच्या कडेवरून ऊन खाली उतरलं होतं. बाबा मैदानात रोलर ओढत होते, त्याची घरघर येत होती. लेकीनं हौदाच्या पाण्यातून हात काढले, ते लाल, भेगाळलेले, सुजलेले हात मांडीवर ठेवले, आणि समोरच्या रिकाम्या दगडाकडे बघून, कुणीही ऐकावं एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"आई, मीही धुतले असते."